घरचा खर्च दुकानाच्या वहीत : वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांनी काय सांभाळावे?

अमरावती/अकोला : “आपलंच दुकान, आपलाच पैसा, मंग इचारणार कोन?” दर्यापूर असो की मूर्तिजापूर, हे वाक्य बाजारपेठेत हमखास ऐकू येते. मुलाची फी, घरचा किराणा, लग्नाचा मंडप, फटफटीचं पेट्रोल, सगळं गल्ल्यातून जातं आणि वर्षअखेरीला ‘दुकान खर्च’ म्हणून वहीत चढतं. गल्ल्यातून पैसे घेणे हा गुन्हा नाही. ते कोणत्या खात्यावर लिहिले, यावर सगळं अवलंबून आहे.

कायदा काय म्हणतो?

आयकर कायदा १९६१ च्या कलम ३७(१) नुसार खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असेल, तरच तो नफ्यातून वजा होतो. वैयक्तिक खर्च वजा होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, तरी हे तत्त्व कायम आहे.

दोन निकालांवरून फरक स्पष्ट होतो. ‘सकाळ’ दैनिक काढणाऱ्या कंपनीने संचालकांच्या मुलीला शिक्षणासाठी परदेशी पाठवले होते. वृत्तपत्राच्या कामासाठी ते प्रशिक्षण गरजेचे होते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तो खर्च मान्य केला. हा निकाल १९७८ च्या आयकर निकालसंग्रहात आहे. याउलट ज्येष्ठ वकील शांती भूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च वकिलीचा खर्च म्हणून मागितला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारला. म्हणजे नातं पाहिलं जात नाही, धंद्याशी संबंध आणि त्याचा कागद पाहिला जातो.

अंगावर किती येते?

समजा, एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाने घरचे ६० हजार रुपये दुकानात टाकले. २० टक्क्यांच्या टप्प्यात त्याचा १२ हजार कर ‘वाचला’. तपासणीत पुरावा देता आला नाही, तर ते १२ हजार भरावेच लागतात, वर व्याज. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के आहे. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के, म्हणजे आणखी २४ हजार. बारा हजारासाठी छत्तीस हजार आणि व्याज, असा हा सौदा.

वऱ्हाडात हमखास होणाऱ्या चुका

• दुकानाच्या बिलावर शेती : दुकानातलं बियाणं, खत स्वतःच्या वावरात जातं, फवारणीची मजुरी गल्ल्यातून दिली जाते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. म्हणून शेतीचा खर्च दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

• घरचा फ्रीज, दुकानाचा जीएसटी नंबर : वैयक्तिक वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. घेऊन वापरले असेल, तर व्याजासह परत करावे लागते. साध्या प्रवासी कारच्या खरेदीवरही बहुतेक व्यापाऱ्यांना क्रेडिट मिळत नाही.

• एकच गाडी, दोन कामे : गाडी वसुलीलाही जाते आणि लग्नालाही. अशा वेळी धंद्याच्या वापराएवढाच हिस्सा मान्य होतो. खाली दुकान, वर घर आणि मीटर एकच असेल, तर वीजबिलालाही हाच नियम.

• अंदाजित योजनेचा गैरसमज : २ कोटींपर्यंत उलाढाल असलेला छोटा व्यापारी ८ टक्के (बँक किंवा डिजिटल जमेवर ६ टक्के) नफा दाखवू शकतो. यात खर्च वेगळा वजाच होत नाही, मग घरची बिले घुसवून फायदा शून्य. कमिशनवर काम करणाऱ्या अडत्यांना मात्र ही योजना लागू नाही, त्यांना हिशेब चोख ठेवावाच लागतो.

भागीदारी आणि कंपनीत धोका मोठा

दोन भावांच्या दालमिलमध्ये एकाचं घर मिलवर चाललं, तर नुकसान दुसऱ्याचं होतं. भागीदारी कायदा १९३२ नुसार भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब देणे बंधनकारक आहे. भावाभावांत वाटणीच्या वेळी हीच जुनी बिलं बाहेर निघतात.

शेतकरी उत्पादक कंपनीत तर पैसा सभासदांचा असतो. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, तिचं खातं अध्यक्षाचा खिसा नव्हे. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचे, तरी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. मंजुरीविना घरी नेलेला पैसा संचालकाला वसुली आणि फौजदारी कारवाईपर्यंत नेऊ शकतो.

बँक आणि हंगाम

घरखर्चाने नफा कमी दिसला की कर्जाची मर्यादाही कमी मिळते, कारण बँक मागच्या वर्षांची विवरणपत्रे पाहते. कॅश क्रेडिट खाते मालासाठी असते. मे महिन्यात त्यातून लग्न उरकले, तर जूनमध्ये बियाणं भरायला पैसा उरत नाही. उधारी तर कापूस, तूर घरात आल्यावरच वसूल होते. शिवाय दुकान खरंच चालतं की नाही, हे मालकालाच कळेनासं होतं.

उपाय सोपा आहे

• घर आणि दुकान यांची बँक खाती व यूपीआय कोड वेगळे ठेवावेत.
• दर महिन्याला ठरावीक रक्कम घरी न्यावी आणि ती खर्चात नव्हे, ‘उचल’ खात्यावर लिहावी. दुकानातला माल घरी नेला, तर तोही उचलीत धरावा.
• एका व्यक्तीला एका दिवसात धंद्याच्या खर्चापोटी १० हजारांवर रोख देऊ नये, एरवी खरा खर्चही नामंजूर होऊ शकतो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे.
• बिलावर कामाचे कारण लिहावे. गाडीच्या फेऱ्यांची छोटी नोंदवही ठेवावी.
• आधीच चूक झाली असेल, तर नोटीस यायची वाट न पाहता सीएकडून सुधारित किंवा अद्ययावत विवरणपत्र भरून घ्यावे.

उचल लिहिली म्हणून मालकाचा हक्क कमी होत नाही. दुकानाने खरंच किती कमावलं आणि घराने किती नेलं, हे मात्र दिवाळीला वही उघडताच कळतं.