उचललेल्या पिकअपचा इतिहास : उंची, ठेवण आणि चार इंचांचा कायदा

१. प्रस्तावना

एखादा रिकामा पिकअप ट्रक सपाट जागेवर उभा असेल, तर तो बाजूने नीट पाहा. त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा वर असतो. हा बांधणीतला दोष नाही. हौद्यात माल भरला की मागची बाजू खाली बसते आणि गाडी समतल होते. म्हणजे रिकाम्या गाडीचा तो उतार पुढे येणाऱ्या ओझ्यासाठी आधीच राखून ठेवलेला असतो.

अमेरिकेत गेल्या साठ-सत्तर वर्षांत लाखो लोकांनी हा उतार आणि ही उंची स्वतःच्या हाताने बदलली. कोणी पूर्ण गाडी उचलली, कोणी फक्त पुढचा भाग वर घेऊन गाडी समतल केली, तर कोणी पुढचा भाग इतका वर नेला की गाडी मागे बसल्यासारखी दिसू लागली. या पाठात आपण या बदलांचा इतिहास पाहू. तो वाचताना एक सूत्र लक्षात ठेवा : पिकअपची उंची आणि ठेवण ही त्या गाडीकडून काय काम अपेक्षित आहे, त्याची खूण असते. काम बदलले तशी ठेवण बदलली. तिची किंमत मात्र बहुतेक वेळा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाने मोजली.

२. गरजेतून आलेली उंची

पिकअप उंच झाला तो प्रथम गरजेपोटी. चारही चाकांना ताकद द्यायची तर पुढेही एक ताकदीचा ॲक्सल लागतो. तो इंजिनाखालून आडवा जातो आणि त्याला वर-खाली हलायला जागा हवी असते. शिवाय गिअरबॉक्सच्या मागे ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस बसवावी लागते. या दोन गोष्टींमुळे चासी जमिनीपासून वर घ्यावी लागली.

इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकातच फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना चारचाकी ताकदीचे करून देत असे. दुसऱ्या महायुद्धात जीप आणि डॉजचे लष्करी ट्रक चिखलातून, वाळूतून धावले. त्या अनुभवावर १९४६ मध्ये डॉजने ‘पॉवर वॅगन’ हा नागरी ट्रक बाजारात आणला. शेतकरी, तेलविहिरींवरचे कामगार, वीजवाहिन्या टाकणारे लोक हे त्याचे गिऱ्हाईक. १९५० च्या दशकात मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीचे रूपांतर-संच लोकप्रिय झाले. जीएमसीने १९५६ मध्ये आणि शेव्हरोलेने १९५७ मध्ये त्यांवर आधारित ट्रक थेट कारखान्यातून द्यायला सुरुवात केली. फोर्डने १९५९ पासून स्वतःचे असे पिकअप विकले. १९६७ ते १९७७ या काळातील फोर्डचा चारचाकी ताकदीचा एफ-२५० कारखान्यातूनच इतका उंच यायचा की लोकांनी त्याला ‘हायबॉय’ असे नाव दिले.

या टप्प्यापर्यंत उंचीला कारण होते : दगड, ओढा, चिखल आणि शेतातले चाकोरीचे खड्डे.

३. उंची बदलायची कशी ?

पुढचा इतिहास समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहू. जुन्या पिकअपमध्ये पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि त्यावर पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असे. आपल्याकडे गॅरेजमध्ये हिलाच ‘पाटे’ म्हणतात. अशी गाडी उचलायचे मार्ग सरळ होते. जास्त कमान असलेले पाटे घालायचे, किंवा मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा ठेवायचा. पुढच्या ॲक्सलला मात्र असा ठोकळा धोक्याचा ठरतो. ब्रेक मारताना सगळा भार पुढे येतो, ॲक्सलला पीळ बसतो आणि ठोकळा जागचा हलू शकतो.

१९८० च्या दशकात चित्र बदलले. टोयोटाने १९८६ च्या आणि शेव्हरोलेने १९८८ च्या मॉडेलपासून चारचाकी ताकदीच्या पिकअपमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतील अशी रचना केली. तिथे स्प्रिंगचे काम टॉर्शन बार करतो. हा एक लांब पोलादी दांडा असतो. त्याचे एक टोक चाकाच्या हाताशी जोडलेले असते, तर दुसरे चासीवरच्या एका खोबणीत घट्ट बसवलेले असते. चाक वर गेले की दांडा पिळला जातो. चासीकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचा पुढचा भाग वर येतो, सैल केला की खाली जातो.

कारखान्याने हा बोल्ट दिला तो दोन्ही बाजूंची उंची सारखी करता यावी म्हणून. लोकांनी मात्र त्यात गाडी उचलण्याची स्वस्त युक्ती पाहिली. एक पाना आणि अर्धा तास पुरेसा होता. इथे एक गैरसमज अजूनही ऐकू येतो की बोल्ट आवळल्याने दांडा कडक होतो. तसे होत नाही. दांड्याचा ताठरपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. बोल्ट आवळल्याने फक्त चाकाच्या हाताची स्थिरावण्याची जागा खाली सरकते. मग चाकाला आणखी खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात ते लगेच शेवटच्या रबरी थांब्यावर आदळते. ‘गाडी कडक झाली’ असे वाटते ते यामुळे. शिवाय चाक फिरवणाऱ्या सांध्याचा कोन वाढतो, चाकांचा कल बदलतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात.

पुढे फोर्डने २००४ च्या एफ-१५० मध्ये आणि शेव्हरोलेने २००७ च्या सिल्व्हराडो १५०० मध्ये टॉर्शन बार सोडून गुंडाळी स्प्रिंग घेतली. उंची बदलणारा बोल्ट गेला आणि त्याच्या जागी स्प्रिंगवर बसवायच्या चकत्यांचे ‘लेव्हलिंग किट’ आले.

पद्धत कोणतीही असो, कुशल कारागीर आधी मोजमाप घेतो. चारही टायरमध्ये सांगितलेली हवा, सपाट जमीन आणि चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर. बदल केल्यावर गाडी थोडी पुढे-मागे चालवून तो पुन्हा मोजतो, मग चाकांचा कल जुळवतो आणि शेवटी हेडलाइट खाली वळवतो. घरच्या घरी बोल्ट आवळणाऱ्याकडून नेमक्या या शेवटच्या दोन गोष्टी राहून जातात.

४. कामाकडून दिखाव्याकडे

१९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी वाळवंटी शर्यत सुरू झाली. तीच पुढे ‘बाहा १०००’ म्हणून प्रसिद्ध झाली. शर्यतीआधी मार्ग पाहून येण्यासाठी संघ जे ट्रक वापरत, त्यांना ‘प्रीरनर’ म्हणत. उड्या सोसण्यासाठी त्यांच्या पुढच्या चाकांना खूप हालचाल दिलेली असे, म्हणून त्यांचे नाक वर दिसे. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर ही ठेवण तरुणांना भुरळ घालू लागली.

दुसरा धागा मिसुरी राज्यातला. सेंट लुइस परिसरातील बॉब चँडलर यांनी आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ला मोठमोठे टायर आणि लष्करी ॲक्सल लावत नेले. त्याचे नाव ‘बिगफूट’. १९८१ मध्ये त्यांनी तो जुन्या मोटारींवरून चालवून त्या चिरडल्या आणि ‘मॉन्स्टर ट्रक’ हा प्रेक्षकांचा खेळ जन्माला आला. त्याच सुमारास उंच ट्रक ही शहरी रस्त्यावरची फॅशनही बनली. आता त्या उंचीमागे दगड नव्हता, ओढाही नव्हता. होती ती पाहणाऱ्याची नजर.

५. उंचीची किंमत

उंचीची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिले ठिकाण, तोल. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था एक साधे गुणोत्तर वापरते : दोन चाकांमधील रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. मोटारींसाठी ते बहुधा १.३० ते १.५०, तर पिकअप व तत्सम गाड्यांसाठी १.०० ते १.३० इतके असते. समजा एका पिकअपची रुंदी ६८ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे. गुणोत्तर येते १.२१. गुरुत्वमध्य चार इंच वर गेला की तेच १.०६ वर येते. वळणावर उलटण्याचा धोका त्या प्रमाणात वाढतो.

दुसरे ठिकाण, टक्कर. अमेरिकेत मोटारींचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात आघात झेलतील असे ठरलेले आहे. हा नियम पिकअपला लागू नव्हता. म्हणून २००३ मध्ये मोटार कंपन्यांनी स्वेच्छेने एक करार केला : पिकअप व तत्सम गाड्यांचा आघात झेलणारा भाग या पट्ट्याशी जुळवून घ्यायचा. पण ग्राहकाने गाडी सहा इंच उचलली की कारखान्याने साधलेला हा मेळ तुटतो. समोरच्या लहान मोटारीचे बंपर त्या उंच लोखंडाखालून निसटते आणि आघात थेट माणसांपर्यंत जातो.

तिसरे ठिकाण, नजर. समजा दोन ॲक्सलमधले अंतर १४० इंच आहे आणि फक्त पुढचा भाग चार इंच वर घेतला. हेडलाइटचा झोत शंभर फुटांवर आधीपेक्षा सुमारे ३४ इंच वर जातो. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे साधारण तिथेच असतात. त्याच वेळी खुद्द ट्रकचालकाला बॉनेटपुढचा रस्ता दिसेनासा होतो. त्या आडोशात एखादे लहान मूल सहज झाकले जाते.

६. चार इंचांचा कायदा

अमेरिकेत गाडीच्या बदलांवर मुख्यतः राज्ये नियम करतात, म्हणून बंपरच्या आणि चासीच्या उंचीच्या मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनात परवानगीशिवाय मोटारीची उंची मूळ मापापेक्षा सहा इंचांहून अधिक वाढवता किंवा कमी करता येत नव्हती. पण एक पळवाट होती : पुढचा भाग थोडा वर, मागचा थोडा खाली. दोन्ही बदल मर्यादेत, पण दोन टोकांमधला फरक मोठा.

अशा गाड्यांना ‘कॅरोलायना स्क्वॉट’ असे नाव पडले. आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते आणि ‘गाडी उलाळ झाली’ असे म्हणतात. उलाळ गाडी चांगला गाडीवान रस्त्यावर काढत नाही, आधी माल पुढे सरकवतो. या ट्रकांत मात्र गाडी मुद्दाम, माल नसताना, कायमची उलाळ केली जात होती. पिकअपचा मूळ उतार इथे पूर्ण उलटा झाला.

नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून अशा गाड्यांवर बंदी आणली. पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक असता कामा नये, असा तो नियम. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये बंपरच्या उंचीवरून आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये मडगार्डच्या उंचीवरून अशीच चार इंचांची रेषा आखली. जुना कायदा एकूण उंची मोजत होता. नवा कायदा ठेवण मोजू लागला, हा यातला महत्त्वाचा बदल आहे.

७. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या दाराने आला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. अमेरिकेतील राज्ये ‘किती इंचांपर्यंत चालेल’ असे विचारतात. भारतीय कायदा ‘निर्मात्याने काय ठरवले होते’ असे विचारतो. दोन्ही प्रश्नांमागची चिंता एकच आहे : गाडी मालकाची असली तरी रस्ता सर्वांचा आहे.

८. समारोप

पिकअपची उंची शेत आणि रणांगण यांच्या गरजेतून आली, शर्यतीतून आणि खेळातून ती शोभेची झाली आणि शेवटी कायद्याला तिचे इंच मोजावे लागले. पुढच्या वेळी उचललेली गाडी दिसली तर ती कोणत्या ओझ्यासाठी किंवा कोणत्या वाटेसाठी उचलली आहे, हे स्वतःला विचारा. दोन्हींपैकी एकही उत्तर मिळाले नाही, तर त्या उंचीचा भार कोण वाहतो आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

विचारार्थ प्रश्न

१. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग वर का ठेवलेला असतो ? गाडी समतल करून घेतल्यावर पूर्ण माल भरला तर काय होईल ?
२. टॉर्शन बारचा बोल्ट आवळल्यावर गाडी ‘कडक’ का वाटते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. एकूण उंचीवरील मर्यादा अपुरी का पडली, हे ‘उलाळ’ ठेवणीच्या आधारे स्पष्ट करा.