काळ्या कोंबडीचा करार

बारामती-इंदापूर पट्ट्यात काळ्या कोंबडीला आधीपासूनच चार पैसे जास्त मिळत आले. देवऋषी उताऱ्याला सांगतो ती काळीच. पण ती पिसांनी काळी. आतले मांस चारचौघींसारखे. तुऱ्यापासून हाडापर्यंत काळी असलेली कडकनाथ इकडे आली ती अलीकडे, आणि तीही देवऋषीच्या सांगण्यावरून नव्हे, तर कराराच्या कागदावरून. पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांनी त्या कागदावर विश्वास का ठेवला, याचे उत्तर कोंबडीत शोधून फारसे हाती लागत नाही. ते या दोन तालुक्यांतल्यासारख्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये शोधावे लागते.

नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या जमिनीचे दोन भाग केले. कालव्याखाली ऊस आला, वरचा भाग जिरायत राहिला. थोडी जागा आणि थोडे पाणी असलेल्या माणसाला कोंबडीपालन परवडणारे होते. १९७१ साली आप्पासाहेब पवारांनी बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा केला. त्याच वर्षी बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. तिचा कारभार पुढे पुण्यातून चालू लागला. या दोन घटनांचा थेट संबंध नाही, पण पुणे जिल्हा देशाच्या कोंबडीधंद्याचे एक केंद्र होण्याचा काळ त्यांतून कळतो. नंतर ब्रॉयलरची करारशेती आली. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज आणि राबणे शेतकऱ्याचे. कंपनीची गाडी येते, माल उचलते, किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. या पद्धतीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. तरी कोंबडीचा करार म्हणजे काय, हे इथल्या तरुणाला त्यामुळे घरबसल्या समजले.

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ-धार भागातली. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ती जपली. तिथे तिला कालीमासी म्हणतात. १९७८ मध्ये सरकारने झाबुआत तिचे प्रजननकेंद्र काढले आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीने योजना पसरवली: पैसे भरा, पिल्ले न्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेऊ. २०१९ च्या पावसाळ्यात खरेदी थांबली, हप्ते तुंबले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जात असताना ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली. महाराष्ट्राच्या राजकारणात कोंबडीने इतकी ठळक हजेरी क्वचितच लावली असेल.

वरवर पाहता हा करार ब्रॉयलरच्या करारासारखाच दिसत होता. फरक एका ओळीचा होता आणि तीच ओळ महत्त्वाची. ब्रॉयलरचे पिल्लू कंपनीच्या मालकीचे असते आणि शेवटचे गिऱ्हाईक चिकन खाणारा माणूस असतो. इथे पिल्लू शेतकऱ्याने विकत घेतले होते, आणि त्याच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचे गिऱ्हाईक होता पैसे भरणारा पुढचा शेतकरी. पाच-सहा महिने पाळून किलो-सव्वा किलो भरणारी, वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी देणारी ही कोंबडी ताटात किती जणांच्या येणार, याचा हिशेब कुणी मागितला नाही. तामिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सचा डोलारा २०१२ मध्ये कोसळला तेव्हाही हेच झाले होते: इमू पाळणारे वाढले, खाणारे वाढले नाहीत.

ही गोष्ट त्याहूनही जुनी आहे. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनला कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि अमेरिकेला परदेशी कोंबड्यांचे वेड लागले. शांघायकडून आलेल्या कोंबड्यांना 'ब्रह्मपुत्रा' असे भारदस्त नाव देऊन भाव चढवला गेला. आजची ब्रह्मा जात ती हीच. त्या व्यापारात हात धुऊन घेतलेल्या जॉर्ज बर्नहॅमने १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियालाही कोंबड्या पाठवल्या, आणि १८५५ मध्ये या साऱ्या वेडाचा थट्टेखोर इतिहास लिहून पुन्हा पैसे मिळवले. पुढे अमेरिकेत १८७३ मध्ये पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी प्रत्येक जातीच्या लक्षणांची छापील प्रमाणपोथी निघाली. वेड ओसरल्यावर विक्रेत्यांना नियम सुचले, असा हा क्रम.

लक्षणांवरून मात्र सगळे कळत नाही, आणि कडकनाथच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९११ मध्ये बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्याचा लेगहॉर्न कोंबडीशी संकर केला. माद्या गडद काळ्या निघाल्या, नर फिकट. उलट संकरात, म्हणजे सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर घेतल्यावर, दोन्ही फिकट. सिल्की आणि कडकनाथ यांचा काळेपणा एकाच जनुकीय फेरफारातून आलेला आहे, हे पुढे स्पष्ट झाले. याचा बाजारातला अर्थ सरळ आहे. एक कडकनाथ कोंबडा साध्या कोंबड्यांत सोडला, तरी त्याच्या संकरित तलंगा आतून काळ्या निघू शकतात. घेणाऱ्याला फसगत कळते ती वर्षाने, त्यांची पिल्ले रंगीबेरंगी निघाल्यावर. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पची चलाखी मानाने सोपी: पिसे काळी, कातडी पांढरी, पंखाखाली पाहिले की झाले. आणि कडकनाथचे अंडे काळे नसते. काळ्या अंड्याचा फोटो दाखवणाऱ्याकडे पुढे काही विचारायची गरज नाही.

मग प्रामाणिक विक्रेत्याकडे काय मागावे? पिल्लू नव्हे, त्याचे आईबाप पाहायला मागावेत. कोंबडे किती आणि ते कुठून आणले, हे विचारावे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या यांवर कळप चालवला तर एका पिढीत अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते; पाच कोंबडे आणि पन्नास कोंबड्या ठेवल्या तर तीन टक्क्यांच्या आत राहते. प्रमाण तेच, परिणाम वेगळा. कमकुवत पिल्ले आणि न फळणारी अंडी यांचा दोष अनेकदा खाद्याला दिला जातो, मूळ इथे असते. शिवाय मानांकन झाबुआच्या मांसाला आहे. इंदापुरात वाढवलेला पक्षी कितीही शुद्ध असला तरी त्या नावाने विकता येत नाही. आठवडे बाजारात डीपी क्रॉस 'गावरान' म्हणून खपतो, तसाच हा प्रकार. डीपी क्रॉस वाईट नाही, पाटी खोटी आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याची एक नोंदणीकृत देशी जात आहे, बुसरा. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातेतली, हलक्या अंगाची, चपळ. तिचे मांस काळे नाही, त्यामुळे तिचा गाजावाजा नाही. पिल्ले हवी असतील तर नवापूरच्या बाजूला जाऊन, आदिवासी पाड्यांवर, परसातल्या कोंबड्या पाहूनच ती घ्यावी लागतात.