संशयित पाठाची खूण : पोथी, मुद्रित आवृत्ती आणि संगणकाचा पडदा

कोणत्याही लिखित मजकुराबरोबर त्याची अवस्थाही वाचकास कळावी लागते. एखादा शब्द निश्चित आहे की संशयित, मूळचा आहे की मागाहून घातलेला, ग्राह्य आहे की त्याज्य, हे तो शब्द स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी रंग, रेघ किंवा अक्षराचे वळण यांचा आश्रय घ्यावा लागतो. संगणकाच्या पडद्यावरील तांबडी अक्षरे, ठळक अक्षरे आणि अधोरेखा ही या जुन्या व्यवहाराचीच नवी रूपे होत. या खुणांचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, खूण कोणती निवडली यापेक्षा नक्कल होताना ती मजकुराबरोबर टिकते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकण्याची पद्धत होती. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार तिचेच स्मरण देतो. गळलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहीत. हरताळाने जुना पाठ नाहीसा होई. काकपदाने दुरुस्ती झाल्याची साक्ष मागे राही. परंतु त्या पोथीवरून दुसरी पोथी उतरविताना नकलकार समासातील मजकूर सरळ ओळीत घेई आणि खूण जुन्या पोथीतच राही. समासातील टीपही अशाच रीतीने कधी कधी मूळ संहितेत शिरे. प्रक्षेपांची एक वाट अशी खुणेच्या लोपातून निघालेली आहे.

ही वाट उलट दिशेने चालण्याचा थोर प्रयत्न पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम इ. स. १९१९ मध्ये आरंभिले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले व त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीत पाठाची अवस्था तीन प्रकारे दर्शविली आहे. निश्चित वाटलेला पाठ साधा छापला. स्वीकारलेल्या परंतु शंकास्पद पाठाखाली नागमोडी रेघ दिली. त्याज्य ठरलेल्या ओळी तारांकित करून संहितेच्या खाली घेतल्या, आणि दीर्घ प्रक्षेप परिशिष्टात ठेवले. रंगाची मदत न घेता संपादकाची शंका वाचकाच्या दृष्टीस पडते, आणि नाकारलेला पाठही त्याच्या हाती राहतो.

संगणकाच्या पडद्यावर हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९८१ च्या आय.बी.एम. वैयक्तिक संगणकात पडद्यावरील प्रत्येक वर्णासाठी दोन बाइट राखलेले असत : एक वर्णाचा, दुसरा त्याच्या रूपाचा. त्या यंत्रास एकरंगी व बहुरंगी अशा दोन प्रकारचे पडदे जोडता येत. रंगीत पडद्यावर अक्षर निळे करणारा रूपसंकेत एकरंगी पडद्यावर तेच अक्षर अधोरेखित करी. रंग आणि अक्षराची ठेवण ही एकाच अर्थाची दोन वाहने आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. तथापि मजकूर साध्या फाइलीत साठविला म्हणजे वर्णाचा बाइट तेवढा जाई आणि रूपाचा मागे राही. समासातील खूण सोडून देणाऱ्या नकलकाराचीच ही पुनरावृत्ती होय.

१९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टंकन चालू असतानाच संशयित शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटू लागली. महाभारताच्या आवृत्तीतील रेघेशी तिचे साम्य लक्षणीय आहे. परंतु दोहोंचे प्रामाण्य भिन्न आहे. पहिली रेघ अनेक हस्तलिखितांच्या तुलनेनंतर बनलेले संपादकाचे मत सांगते. दुसरी, तो शब्द यंत्राच्या कोशात नाही, एवढेच सांगते. शिवाय पहिली कागदावर कायम राहते, दुसरी छपाईत उमटत नाही.

भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इस्की’ या मानकात ठळक, तिरके व अधोरेखित रूप दर्शविणारे संकेत मजकुरातच घालण्याची सोय होती. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. रूपाचे संकेत मात्र वर्णसंकेतांत नसावेत, हे तत्त्व ठेवले. हे तत्त्व सयुक्तिक आहे. पण त्यामुळे अवस्थेची नोंद ठेवण्याचे दायित्व मजकूर तयार करणाऱ्यावर आले.

या दायित्वाचे भान संशोधकास विशेष हवे. मोडी कागदपत्रांच्या सूचीत शंकास्पद शक तांबड्या रंगाने दाखविला आणि ती सूची स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या फाइलीत उतरविली, तर रंग जातो, शक राहतो, आणि पुढील अभ्यासक तो निश्चित म्हणून उद्धृत करतो. रंगांधळ्या वाचकास तर मूळ सूचीतही ती शंका दिसेलच असे नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष शेकडा सुमारे ८ जणांत आढळतो. केवळ रंगावर विसंबू नये, असा निर्देश वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने १९९९ मध्येच दिला होता.

यास्तव ‘निश्चित’, ‘संशयित’, ‘त्याज्य’ ही अवस्था सूचीच्या स्वतंत्र रकान्यात शब्दांनी नोंदवावी, शंका कोणी व कोणत्या आधारावर घेतली तेही लिहावे, आणि रंग व अक्षराचे वळण यांनी ती नोंद केवळ दृश्यमान करावी. खूण हरपली की शंकाही हरपते, आणि शंका हरपलेला पाठ पुढे प्रमाण म्हणून मिरवू लागतो.