ऑर्किडला पाणी घालताय, पण हवेतल्या ओलाव्याचं काय?

नर्सरीतून फुललेलं ऑर्किड घरी आणलं आणि पंधरा दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या, पानं सुरकुतली. अशा वेळी बहुतेक जण लगेच पाणी वाढवतात. पण कमतरता कुंडीत नाही, तर खोलीच्या हवेत असू शकते. जास्तीच्या पाण्याने मुळं कुजली, तर मात्र झाड वाचवणं अवघड होतं.

ऑर्किडला दमट हवा का लागते?

घराघरांत दिसणारं फॅलेनॉप्सिस, म्हणजेच मॉथ ऑर्किड, मूळचं आशियातल्या दमट जंगलांतलं. तिथे ते मातीत नाही, तर झाडांच्या फांद्यांवर वाढतं. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीही अशीच झाडांवर जगते. या ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. तो पावसाचं पाणी झटकन शोषतो आणि वाऱ्यावर सुकतो. म्हणजेच मुळं सतत ओली नकोत, भोवतालची हवा दमट हवी. फॅलेनॉप्सिससाठी ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली.

घरातली हवा कोरडी का होते?

हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. २० अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढंच राहूनही आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांवर येते.

दुसरं कारण एसी. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी खोलीतल्या हवेतूनच आलेलं असतं. त्यात फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतं आणि बेडरूममधला एसीही रात्रीच चालतो. त्यामुळे कुंडी एसीच्या थेट झोतात कधीच ठेवू नका.

आधी मोजा

आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर झाडाजवळ ठेवा. तो बरोबर आहे का हे घरीच तपासता येतं. एका झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने ओलसर करा. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत १० ते १२ तास बंद ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

ओलावा कसा वाढवायचा?

• झाडं जवळजवळ ठेवा. पानांतून बाहेर पडणारं बाष्प एकमेकांना उपयोगी पडतं.
• ताटात खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. याचा परिणाम थोडाच आणि झाडाच्या अगदी जवळ होतो.
• हवा फारच कोरडी असेल, तर ह्युमिडिफायर सर्वांत खात्रीचा.
• फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. फवारायचंच असेल तर सकाळी फवारा. पानांच्या मधोमध पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर झाडाचा शेंडा कुजतो.

पावसाळ्यात उलटी काळजी

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा ओलावा वाढवायचा नाही, हवा खेळती ठेवायची. खिडकी उघडी ठेवा किंवा पंखा मंद चालवा. मुळं वाळल्याशिवाय पाणी घालू नका. साचलेल्या दमट हवेत पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके पडतात.

पानं सुरकुतली तर?

पाणी घालण्याआधी मुळं पाहा. निरोगी मुळं टणक असतात. कोरडी असताना रुपेरी, भिजली की हिरवी दिसतात. तपकिरी आणि लिबलिबीत मुळं म्हणजे कूज. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि झाड नव्या सालीत किंवा कोळशात लावा. मुळं टणक पण बराच काळ रुपेरीच राहत असतील, तर पाणी कमी पडतंय. मुळं आणि पाणी दोन्ही ठीक असूनही पानं सुरकुतत असतील, तर हायग्रोमीटरचा आकडा बघा.