कृत्रिम उपग्रहांचे द्विनेत्रीतून निरीक्षण

संध्याकाळ सरताना ताऱ्यासारखा एखादा ठिपका अखंड गतीने आकाशातून सरकताना दिसतो. त्यावर लाल-हिरवे दिवे लुकलुकत असतील, तर ते विमान. क्षणार्धात विझला, तर ती उल्का. काही मिनिटांत शांतपणे आकाश ओलांडणारा ठिपका मात्र बहुधा कृत्रिम उपग्रह असतो.

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. जमिनीवर अंधार पडला तरी काहीशे किलोमीटर उंचीवर ऊन असते आणि त्याचेच परावर्तन आपल्याला दिसते. त्यामुळे सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे सुमारे दोन तास निरीक्षणास अनुकूल ठरतात. पृथ्वीच्या छायेत शिरताच उपग्रह भर आकाशात दिसेनासा होतो. ठरावीक अंतराने उजळणारा ठिपका हा अनेकदा कोलांट्या घेणारा निकामी अग्निबाणाचा टप्पा असतो.

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक शहरातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसते. मंद उपग्रहांसाठी द्विनेत्री दुर्बीण हवी. ७×५० द्विनेत्रीत ७ हे वर्धन, तर ५० हा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय. तिच्यातून साधारण सात अंशांचे, म्हणजे १४ पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढे आकाश दिसते. उपग्रहाच्या मागे द्विनेत्री फिरवण्यापेक्षा संगणकीय वेळापत्रकातून त्याचा मार्ग पाहून त्यावरील एखाद्या ठळक ताऱ्यावर ती आधीच रोखून ठेवावी. सूर्य क्षितिजाखाली गेल्याखेरीज ती आकाशाकडे वळवू नये. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मे हा काळ त्यासाठी सोयीचा.

हा छंद अंतराळयुगाइतकाच जुना आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्ये ‘ऑपरेशन मूनवॉच’ ही मोहीम आखली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक’ झेपावला, तेव्हा तिचे स्वयंसेवक छोट्या दुर्बिणी रांगेत लावून सज्ज होते. त्याच कार्यक्रमातील बेकर-नन कॅमेऱ्यांपैकी एक नैनितालला बसवण्यात आला. उपग्रहांची कक्षा किती वेगाने आक्रसते, यावरून अतिउंचावरील विरळ वातावरणाची घनता कळू लागली. ‘मूनवॉच’ १९७५ मध्ये थांबली. हौशी निरीक्षक मात्र थांबले नाहीत.

आता प्रश्न उलटा आहे. मे २०१९ मध्ये ‘स्टारलिंक’चे पहिले ६० उपग्रह एकत्र सोडण्यात आले, त्यानंतर या मालिकेने हजारांचा आकडा ओलांडला. दीर्घकाळ प्रकाश टिपणाऱ्या वेधशाळांच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटतात. यावर उपाय शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०२२ मध्ये स्वतंत्र केंद्र स्थापन केले. एकेकाळी एका ठिपक्यासाठी रात्र जागवणाऱ्यांपुढे आज ठिपक्यांच्या गर्दीत तारे जपण्याचे आव्हान उभे आहे.