मातीचा ट्रॅक आणि 'स्थिर' धरलेला आकडा

सुट्टीत उमापूरला आलो की मी लॅपटॉपवर मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. घरचे विचारतात, "पीएचडी करतोयस की खेळतोयस?" उत्तरासाठी थोडा इतिहास बघा.

चाक मातीत किती रुततं, माती त्याला किती अडवते, याचं गणित एम. जी. बेकर यांनी 1956 च्या 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन' या पुस्तकात मांडलं. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या कामातही ते होते. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॅटबॅग कंपनीने घरच्या कॉम्प्युटरसाठी मातीवरच्या शर्यतीचा 'डर्ट ट्रॅक रेसिंग' आणला. 2017 मध्ये 'आयरेसिंग'ने मातीचे ट्रॅक दिले, तेव्हा ट्रॅकच बदलता ठेवला. गाड्या फिरतात तशी माती सुकते, दबते, कडेला सरकते. त्यामुळे पहिल्या फेरीतली चांगली वाट शेवटपर्यंत चांगली राहीलच असं नाही.

इथेच मला माझी चूक दिसली. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये मी मातीचं घर्षण स्थिर धरलं होतं. ओल्या मातीच्या नोंदींशी निकाल जुळेनात. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. आमच्या काळ्या रानात पावसात एक बैलगाडी गेली की चाकोरी पडते आणि मागची गाडी त्यातच अडकते, हे लहानपणापासून बघितलंय. तरी समीकरणात ते घेतलं नाही!

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा: जे जे स्थिर धरलंय त्याची यादी काढा आणि प्रत्येकासमोर 'का?' लिहा. उत्तर सुचलं नाही, तर पहिलं मोजमाप त्याचंच घ्या.