जनुक आणि त्याचे नियमन : बीटी कापसाच्या इतिहासातील एक प्रकरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव, पाथर्डी व नेवासे या तालुक्यांत कापूस पिकतो. तेथील शेतकऱ्याच्या नित्य बोलण्यातील ‘बीटी’ हा शब्द म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूच्या नावाची आद्याक्षरे होत. या जीवाणूचे जनुक कापसात आले. त्याचे मूळचे नियमन मात्र आले नाही. या भेदाचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

१९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगात हा जीवाणू आढळला. पुढे १९११ मध्ये बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळीपासून तो वेगळा केला. अन्न विपुल असता हा जीवाणू केवळ विभाजनाने वाढतो. अन्न सरू लागले म्हणजे मातृपेशीच्या पोटात टणक बीजाणू घडू लागतो आणि त्याच सुमारास मातृपेशीत अळीनाशक प्रथिनाचा स्फटिक साठतो.

हे प्रथिन नेमके त्याच वेळी का निर्माण व्हावे? जनुकाचे कार्य नियामक प्रथिनांच्या अधीन असते, हा सिद्धान्त याकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये मांडला. त्यानंतर लोझिक व त्यांचे सहकारी यांनी बॅसिलस सबटिलिस या सजातीय जीवाणूच्या अभ्यासातून बीजाणुनिर्मितीची यंत्रणा उलगडली. जनुकाचे वाचन करणाऱ्या विकराला कोणत्या जनुकापासून आरंभ करावा हे ‘सिग्मा’ नामक प्रथिने दाखवितात. उपासमारीत प्रथम ‘स्पो-शून्य-ए’ हे नियामक प्रथिन कार्यक्षम होते. मग बीजाणूच्या बाजूस सिग्मा-एफ व नंतर जी, तर मातृपेशीत सिग्मा-ई व नंतर के, असे सिग्मा क्रमाने कामास लागतात. स्फटिकाच्या एका प्रमुख जनुकास दोन आरंभस्थाने असून ती अनुक्रमे ई व के यांच्याशी समरूप अशा सिग्मांच्या अधीन असल्याचे व्हाइटली यांच्या प्रयोगशाळेत आढळले. वाढीच्या काळात ते जनुक मौन असते, ते यामुळेच.

श्नेप्फ व व्हाइटली यांनी १९८१ मध्ये असे जनुक प्रथम वेगळे केले. पुढे कापसात घालताना त्यास फ्लॉवरच्या मोझॅक विषाणूतील आरंभस्थान जोडण्यात आले. हे आरंभस्थान बीजाणुनिर्मितीच्या क्रमाची वाट पाहत नाही. त्यामुळे झाडात विष कमीअधिक प्रमाणात सतत तयार होत राहते. मार्च २००२ मध्ये भारतात या कापसास मान्यता मिळाली.

सतत विष म्हणजे अळीवर सतत निवडीचा दाब. यास्तव सभोवती बीटीविरहित कापसाच्या किमान पाच ओळी अथवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते, राखण्याची अट होती. या ओळींवर वाढलेल्या संवेदनक्षम पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावावा, हा तिचा हेतू. ही अट बहुधा पाळली गेली नाही. दीर्घ मुदतीच्या वाणांनीही अळीस आश्रय दिला. प्रथम गुजरातेत व पुढे अन्यत्र गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राची मोठी हानी झाली.

जीवाणूत जे काम सिग्मा करीत होते, ते शेतात मानवी व्यवस्थेकडे आले होते. जनुक उचलून नेता येते. नियमनाची जबाबदारी मात्र मागे ठेवता येत नाही, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.